डहाणू परिसरात खेळासाठीच्या संगणकाची घटकनिवड : एक विवेचन

प्रस्तावना :

डहाणू, घोलवड व तलासरी परिसरातील महाविद्यालयांत अध्यापन करणाऱ्या आपणा सर्वांना गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांकडून आणि पालकांकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो : "सर, गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यायचा आहे, कोणता घ्यावा?" हा प्रश्न केवळ संगणकशास्त्राच्या अध्यापकांनाच विचारला जातो असे नाही. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेत अध्यापन करतो. संगणकाची जुळणी हा त्याचा छंद आहे, व्यवसाय नव्हे. परंतु ज्या घरात संगणकाविषयी विचारावे असे दुसरे कोणी नसते, त्या घरात महाविद्यालयातील सर वा मॅडम यांचा शब्द अखेरचा मानला जातो आणि त्या शब्दावर चिकूच्या वाडीच्या एका हंगामाचे उत्पन्न खर्ची पडते. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी वाटते तितकी हलकी नाही.

ही जबाबदारी मला एका चुकीतून उमगली. २०१९ साली द्वितीय वर्षातील एका विद्यार्थ्यास मी साठ हजार रुपयांच्या आतील घटकांची यादी करून दिली होती. प्रोसेसर कोणता, ग्राफिक कार्ड कोणते, यावर आठवडाभर वाचन केले. एस.एम.पी.एस. मात्र कॅबिनेटबरोबर जो मिळतो तोच असू द्यावा, असे सांगितले आणि त्यातून वाचलेले सुमारे अडीच हजार रुपये अधिक चांगल्या ग्राफिक कार्डाकडे वळविले. २०२० च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज तीन-चार वेळा गेली आणि आली. त्या खेपेला एस.एम.पी.एस. तर गेलाच, पण जाताना मदरबोर्ड आणि ग्राफिक कार्डही घेऊन गेला. घटक जळाल्याच्या खुणा स्पष्ट असल्याने वॉरंटीचा लाभ मिळाला नाही. ते वर्ष टाळेबंदीचे होते. त्या मुलाचे महाविद्यालयीन वर्गही त्याच यंत्रावर भरत होते. पुढील अडीच महिने त्याने ते वडिलांच्या भ्रमणध्वनीवर ऐकले. घरातून कोणी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि म्हणूनच ती गोष्ट अधिक लागली.

संगणकाच्या घटकनिवडीवर विपुल लेखन उपलब्ध आहे. परंतु त्यातील बहुतेक लेखन वीज अखंड आहे, हवा कोरडी आहे आणि दुरुस्तीचे दुकान जवळ आहे, असे गृहीत धरून केलेले असते. डहाणूत या तिन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. येथे निवडीचा क्रम बदलावा लागतो, हे सोदाहरण स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

'गेमिंग' या संज्ञेविषयी :

प्रथम एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ आणि संगणकीय खेळ या दोन भिन्न गोष्टी आहेत. संसदेने २०२५ साली केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमानेही हा भेद स्वीकारला असून पैशांच्या खेळांस प्रतिबंध केला आहे व ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आहे. २०२३ साली हांगझोऊ येथे पार पडलेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्ससाठी पदके दिली गेली. २०२० साली प्रकाशित झालेला 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ तर पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने निर्माण केला. तेव्हा हे क्षेत्र केवळ वेळ घालविण्याचे नव्हे, हे मान्य करावयास हरकत नसावी. शिवाय खेळासाठी जुळविलेले यंत्र चित्रफितींचे संपादन, त्रिमितीय आरेखन आणि आपल्या वाणिज्य विभागाचे टॅलीदेखील सहज चालविते. त्यामुळे पालकांसमोर 'अभ्यास की खेळ' असा पेच उभा करण्यापेक्षा, हे यंत्र पाच-सहा वर्षे टिकेल कसे, याचा विचार अधिक उपयुक्त ठरतो.

मागणीचा निश्चय : खेळ आणि मॉनिटर

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न 'बजेट किती?' हा असतो. माझ्या मते पहिला प्रश्न 'कोणता खेळ?' हा असावा. विद्यार्थ्यांत लोकप्रिय असलेला व्हॅलोरंट हा खेळ मुळातच साध्या संगणकांचा विचार करून घडविलेला आहे. प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेल्या ग्राफिक्सवरही तो चालतो. याउलट सायबरपंक २०७७ सारखा खेळ ग्राफिक कार्डाची कसोटी पाहतो आणि २०२३ मधील सुधारणेनंतर त्याच्या किमान अपेक्षांतून जुनी फिरती हार्ड डिस्क वगळली जाऊन एस.एस.डी. अनिवार्य झाली. पहिला खेळ खेळणाऱ्यास दुसऱ्यासाठीचे यंत्र घेऊन देणे हा निव्वळ अपव्यय होय.

खेळ ठरला की मॉनिटर ठरवावा. बहुतेक विद्यार्थी मॉनिटर शेवटी उरलेल्या पैशात घेतात. वास्तविक संगणकास किती काम करावे लागणार, हे मॉनिटरच ठरवितो. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर प्रत्येक चित्रात २०,७३,६०० बिंदू रंगवावे लागतात. २५६० गुणिले १४४० च्या पडद्यावर ३६,८६,४००. आणि ज्यास फोर-के म्हणतात त्यावर ८२,९४,४००. म्हणजे पहिल्याच्या नेमके चौपट. ही चित्रे सेकंदास किती वेळा बदलावयाची, हा दुसरा प्रश्न. ६० हर्ट्झच्या मॉनिटरसाठी एक चित्र तयार करण्यास संगणकापाशी सुमारे १६.७ मिलिसेकंद असतात. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरसाठी जेमतेम ६.९. नेमबाजीच्या वेगवान खेळात चित्रांचा वेग महत्त्वाचा. निसर्गदृश्ये व कथानक असलेल्या खेळात बिंदूंची संख्या. दोन्ही एकदम साधू पाहणाऱ्यास खर्चाची मर्यादा सोडून द्यावी लागते. आपल्याकडील बहुतेक कुटुंबांसाठी १९२० गुणिले १०८० बिंदूंचा, १४४ हर्ट्झच्या आसपासचा मॉनिटर हा सुवर्णमध्य आहे, असे मला वाटते.

(जाता जाता नमूद करावेसे वाटते की, १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणूनही विंडोजच्या सेटिंगमध्ये तो ६० वरच राहिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. एका विद्यार्थ्याने तर मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाऐवजी मदरबोर्डास जोडली होती आणि चार महिने तो 'कार्ड खराब आहे' असे सांगत होता.)

प्रोसेसर व ग्राफिक कार्ड यांचा मेळ :

खेळाचे प्रत्येक चित्र दोन टप्प्यांत तयार होते. कोणता गडी कोठे आहे, गोळी कोणास लागली, भिंत कोसळली की नाही, याचा हिशेब प्रोसेसर करतो. त्या हिशेबानुसार प्रत्यक्ष चित्र ग्राफिक कार्ड रंगविते. दोघांपैकी जो मंद, त्याच्या वेगाने संपूर्ण यंत्र चालते. बैलजोडीतील एक बैल दांडगा आणि दुसरा थकलेला असेल तर गाडी थकलेल्याच्या चालीने जाते, तसेच हे आहे. म्हणून महागडे कार्ड व जुना प्रोसेसर, अथवा याच्या उलट, अशी जोडी जमवू नये. मॉनिटरचे बिंदू वाढले की भार ग्राफिक कार्डावर जातो. चित्रांचा वेग वाढविला की तो प्रोसेसरवर येतो. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले तरी बहुतेक निर्णय आपोआप होतात.

प्रोसेसरच्या बाबतीत नावापेक्षा पिढी महत्त्वाची असते. 'आय-सेव्हन आहे' असे सांगून दहा-बारा वर्षांपूर्वीचे, कार्यालयांतून निघालेले संगणक विकले जातात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला आहे, आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी वा त्यापुढील प्रोसेसर व टी.पी.एम. २.० ही सुरक्षा सुविधा आवश्यक ठरते. व्हॅलोरंट हा खेळही विंडोज ११ वर त्या सुविधेवाचून चालत नाही. म्हणजे स्वस्तातला जुना संगणक घेणाऱ्याचा ज्या खेळासाठी तो घेतला, तोच खेळ अडतो.

नव्या यंत्रासाठी ए.एम.डी. व इंटेल या दोहोंचे मध्यम श्रेणीतील सहा गाभ्यांचे प्रोसेसर पुरेसे आहेत. मात्र येथे डहाणूच्या दृष्टीने एक सूचना करावीशी वाटते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस 'एफ' हे अक्षर असते, त्यात अंतर्भूत ग्राफिक्स नसते, ए.एम.डी.च्या रायझन ५ ७५०० एफ मध्येही ते नाही. असे प्रोसेसर थोडे स्वस्त असतात आणि मुंबई-पुण्याच्या जाणकारांकडून त्यांचीच शिफारस होते. परंतु आपल्याकडे ग्राफिक कार्ड बिघडल्यास ते वॉरंटीसाठी पाठविणे आणि परत येणे यात आठवडे जातात. तेवढ्या काळात 'एफ' प्रोसेसरचा संगणक पडद्यावर काहीही दाखवू शकत नाही. अंतर्भूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेतल्यास खेळ बंद पडला तरी अभ्यास, प्रकल्प व परीक्षेचे अर्ज सुरू राहतात. त्यासाठी द्यावे लागणारे थोडे अधिक पैसे हा एक प्रकारचा विमा हप्ता समजावा.

ग्राफिक कार्डावर एकूण रकमेचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग खर्च होणे स्वाभाविक आहे. यात कार्डाच्या वेगाइतकेच त्याच्या स्वतःच्या स्मृतीकडे लक्ष द्यावे. २०२३ साली आलेल्या जीफोर्स आर.टी.एक्स. ४०६० मध्ये ८ जी.बी. स्मृती आहे, २०२५ सालचे ए.एम.डी.चे आर.एक्स. ९०६० एक्स.टी. हे कार्ड ८ व १६ जी.बी. अशा दोन्ही रूपांत मिळते. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर आज ८ जी.बी. बव्हंशी पुरते, परंतु नव्या मोठ्या खेळांत ती अपुरी पडून चित्रे अडखळू लागतात. पाच-सहा वर्षे यंत्र वापरावयाचे असेल आणि परवडत असेल, तर अधिक स्मृतीचे कार्ड घ्यावे. जुने कार्ड घेण्याचा मोह टाळलेला बरा. २०२१ मध्ये आभासी चलनाच्या उत्खननासाठी कार्डांची टंचाई झाली होती; सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे उत्खनन थांबल्यावर रात्रंदिवस राबलेली तीच कार्डे बाजारात आली. त्यांचे पंखे व उष्णतावाहक लेप यांची अवस्था बाहेरून कळत नाही.

मदरबोर्ड व रॅम यांविषयी थोडक्यात. ए.एम.डी.ची एएम-४ ही बैठक २०१७ पासून रायझन प्रोसेसरसाठी वापरात आली आणि २०१८ च्या बी-४५० मदरबोर्डावर बायॉस अद्ययावत करून २०२२ चा प्रोसेसरही बसविता आला. ही सोय ग्राहकाच्या हिताची होती. तिची जागा २०२२ मध्ये एएम-५ ने घेतली. तीवर केवळ डी.डी.आर.-५ रॅम चालते. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढल्याने रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन या कंपनीने आपला 'क्रुशिअल' हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. अशा परिस्थितीत ज्याच्याकडे डी.डी.आर.-४ रॅम आधीपासून आहे, त्याने ती टाकून न देता एएम-४ वरच प्रोसेसर बदलणे शहाणपणाचे. नव्याने घेणाऱ्याने ८ जी.बी.च्या दोन पट्ट्या घ्याव्यात, १६ ची एक नव्हे. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरकडे माहिती दोन वाटांनी जाते. रॅम तिच्या पाकिटावरील वेगाने आपोआप चालत नाही, बायॉसमध्ये एक्स.एम.पी. वा एक्स्पो ही सोय चालू करावी लागते, हेही विद्यार्थ्यास सांगून ठेवावे.

वीजपुरवठा : दुर्लक्षित परंतु निर्णायक घटक

येथवरचे विवेचन कोणत्याही गावास लागू पडावे. पुढील मात्र विशेषत्वाने आपल्यासाठी आहे.

डहाणूचे ५०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र १९९५ पासून कार्यरत आहे; परंतु ते मुंबई उपनगरांच्या पुरवठ्यासाठी उभारलेले. वीज येथे निर्माण होते म्हणून येथील घरांतील पुरवठा स्थिर असेल, असा निष्कर्ष बाहेरचा माणूस काढतो, तो चुकीचा आहे. चिकूच्या व नारळाच्या वाड्यांतून जाणाऱ्या तारांवर पावसाळ्यात झावळ्या व फांद्या पडतात; वीज जाते, क्षणभर येते, पुन्हा जाते. दिवे व पंखे हे सहन करतात. संगणकाच्या बाबतीत हा सर्व मार एकटा एस.एम.पी.एस. झेलतो.

एस.एम.पी.एस.चे कार्य २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करणे, हे होय. आजच्या संगणकात प्रोसेसर व ग्राफिक कार्ड हे दोन्ही मुख्य ग्राहक १२ व्होल्टवर पोसले जातात. म्हणून एस.एम.पी.एस.वर मोठ्या अक्षरांत छापलेल्या वॅटकडे न पाहता त्याच्या बाजूस लावलेले कोष्टक वाचावे. वर '४५०' असे छापलेले असेल आणि कोष्टकात १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर लिहिले असेल, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅटच खऱ्या अर्थाने उपयोगाचे आहेत. हा गुणाकार २०१९ साली मी केला नव्हता.

आता मागणीचा हिशेब पाहू. आर.टी.एक्स. ४०६० कार्डाची निर्धारित गरज ११५ वॅट आहे. रायझन ५ ७६०० सारखा प्रोसेसर पूर्ण भारावर सुमारे ८८ वॅट घेतो. मदरबोर्ड, रॅम, एस.एस.डी. व पंखे मिळून चाळीस-पन्नास धरावेत. एकूण अडीचशेच्या आसपास. ग्राफिक कार्ड क्षणार्धासाठी निर्धारित गरजेहून बरीच अधिक वीज ओढते, हे लक्षात घेता ५५० वॅटचा प्रामाणिक एस.एम.पी.एस. पुरेसा ठरतो. 'प्रामाणिक' हा शब्द येथे हेतुपुरस्सर वापरला आहे. ७५० वॅटचा निनावी एस.एम.पी.एस. हा ५५० वॅटच्या नामांकित एस.एम.पी.एस.ला पर्याय होऊ शकत नाही.

'८० प्लस' ही खूण २००४ पासून रूढ झाली. तिचा अर्थ एस.एम.पी.एस. घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज घटकांपर्यंत पोहोचवितो, एवढाच. ब्राँझ, गोल्ड इत्यादी श्रेणी या प्रमाणाच्या चढत्या पायऱ्या आहेत. ३०० वॅट पुरविण्यासाठी ८० टक्के कार्यक्षमतेचा एस.एम.पी.एस. ३७५ वॅट घेतो व ७५ वॅटची उष्णता करतो. ९० टक्क्यांचा ३३३ घेतो व ३३ ची उष्णता करतो. वीजबिलातील फरक लहान आहे, उष्णतेतील नाही. परंतु ही खूण सुरक्षिततेची हमी देत नाही, हे अनेक विक्रेत्यांनाही ठाऊक नसते. त्यासाठी अतिदाब, अतिप्रवाह व शॉर्टसर्किट यांपासून संरक्षण आहे काय, हे माहितीपत्रकात पाहावे लागते. बिघाड झाल्यास १२ व्होल्टची वाहिनी तत्काळ बंद करणे, हे या संरक्षणाचे काम. ते नसल्यास काय होते, हे प्रस्तावनेत आले आहे.

वीज गेल्यानंतर एस.एम.पी.एस. स्वतःतील साठ्यावर भारानुसार साधारण १२ ते १७ मिलिसेकंद तग धरेल, अशी अपेक्षा ए.टी.एक्स. या प्रमाण रचनेच्या मार्गदर्शिकेत आहे. घरगुती यू.पी.एस. बॅटरीवर येण्यास काही मिलिसेकंद लागतात. चांगल्या एस.एम.पी.एस.चा तग त्याहून अधिक असल्याने संगणक चालू राहतो, सुमार एस.एम.पी.एस. तेवढ्यातच बंद पडतो आणि ग्राहक यू.पी.एस.ला दोष देतो. यू.पी.एस.वरील आकडा व्ही.ए.मध्ये असतो, वॅटमध्ये नव्हे. ६०० व्ही.ए.चा सामान्य यू.पी.एस. ३६० वॅटच पेलतो. वरील संगणक व मॉनिटर मिळून भिंतीकडून तीनशेहून अधिक वॅट ओढतात. म्हणजे तो अगदी काठावर येतो. १००० व्ही.ए., ६०० वॅटचा यू.पी.एस. घ्यावा. त्यावर खेळत बसावयाचे नसून काम साठवून यंत्र बंद करावयाचे आहे, हे मात्र बजावून सांगावे. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, हा खर्चही पालकांस आधीच सांगावा.

स्टॅबिलायझरची गरज सहसा नसते. १०० ते २४० व्होल्टवर चालणारा एस.एम.पी.एस. कमी दाब स्वतःच सांभाळतो. गरज असते ती अर्थिंगची. तीन छिद्रांचा सॉकेट दिसला म्हणजे अर्थिंग आहे असे नव्हे. पाड्यांवरील व जुन्या घरांतील अनेक सॉकेटांत तिसरी तार जोडलेलीच नसते. संगणकाच्या कॅबिनेटला उघड्या पायांनी हात लावल्यावर मुंग्या येतात, ते याचेच लक्षण. वायरमनकडून न्यूट्रल व अर्थ यांमधील दाब मोजून घ्यावा; तो दोन-तीन व्होल्टहून अधिक असल्यास प्रथम अर्थिंग करून घ्यावे, मग संगणक आणावा. अर्थिंगवाचून स्पाइक गार्डही पुरेसे काम करीत नाही. विजा चमकू लागल्या की प्लग व इंटरनेटची तांब्याची तार, दोन्ही काढून ठेवणे हा मात्र सर्वांत स्वस्त उपाय.

खारी हवा, धूळ व भूकंप :

समुद्रकाठच्या हवेतील क्षार आणि जून ते सप्टेंबरमधील ओल यांमुळे रॅमचे व कार्डाचे संपर्कबिंदू काळवंडतात. धुळीत ओल मिसळली की ती विद्युतवाहक होऊ शकते. म्हणून समोर जाळी व काढता येणारे गाळक असलेले कॅबिनेट निवडावे. काचेचे बंद दर्शनी भाग असलेली, रंगीत दिव्यांची कॅबिनेटे दिसतात छान, पण आत हवा घेत नाहीत. हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा अधिक असले तर फटींतून धूळ शिरत नाही. पावसाळ्यात संगणक आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नये. रोज तासभर चालविल्यास त्याच्याच उष्णतेने ओल जाते. प्रोसेसर थंड ठेवण्यासाठी पाण्याची यंत्रणा घेण्याचा आग्रह विद्यार्थी धरतात. मध्यम श्रेणीच्या प्रोसेसरला तिची गरज नाही आणि तिचा पंप बिघडल्यास येथे दुरुस्त करणारा नाही. साधा हवेचा कूलर पुरे.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, विशेषतः धुंदलवाडी परिसरात, भूकंपाच्या लहान-मोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. घटकनिवडीशी तिचा संबंध दूरान्वयाचा वाटेल. परंतु फिरती हार्ड डिस्क चालू असताना धक्का बसल्यास तिची सुई तबकडीस घासू शकते, एस.एस.डी.त फिरणारा भागच नसतो. जड ग्राफिक कार्डास खालून आधार द्यावा. कॅबिनेट उंच मांडणीवर ठेवू नये. थेट जमिनीवरही नको, कारण तेथे धूळ आणि पावसाचे पाणी असते. वीतभर उंचीचा लाकडी पाट उत्तम.

खरेदीचा व्यवहार :

२०१३ साली उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्यापासून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडचा बाजार गाठणे सुलभ झाले आहे. तेथील किमती स्थानिक दुकानांपेक्षा बऱ्याचदा कमी असतात. तथापि संधी खर्चाचा विचार करता हा फरक फसवा ठरू शकतो. एक घटक सदोष निघाला तर पुन्हा एक संपूर्ण दिवस आणि वडिलांची एक मजुरी जाते. माझा अनुभव असा की ग्राफिक कार्ड, प्रोसेसर व एस.एम.पी.एस. जेथे निवड व किंमत चांगली तेथून आणावे, मॉनिटर, यू.पी.एस. व कॅबिनेट ही जड, वाहतुकीत फुटणारी व स्थानिक सेवा लागणारी सामग्री गावातच घ्यावी. प्रत्येक घटकाचे जी.एस.टी.सह पक्के बिल घ्यावे व त्यावर अनुक्रमांक लिहून घ्यावा. 'बिलाशिवाय अठरा टक्के वाचतील' असे सांगितले जाते. त्या अठरा टक्क्यांबरोबर तीन वर्षांची वॉरंटीही वाचते, म्हणजे जाते. खोकी माळ्यावर जपून ठेवावीत. जुळणी दुकानात करून घेतल्यास यंत्र तेथेच सुरू करून, अर्धा तास एखादा खेळ चालवून, मगच बांधून घ्यावे. रेल्वेने आणताना ग्राफिक कार्ड काढून वेगळ्या खोक्यात ठेवावे. आडव्या कॅबिनेटमध्ये, गर्दीत हिसके बसल्याने मदरबोर्डाची खाच मोडल्याचे एक उदाहरण माझ्या पाहण्यात आहे.

प्रस्तावनेतील विद्यार्थ्याने पुढे पदवी पूर्ण केली. २०२१ च्या दिवाळीत त्याने बी-४५० मदरबोर्ड पुन्हा घेतला. ग्राफिक कार्डांचे भाव तेव्हा गगनाला भिडले असल्याने ते दीड वर्ष घेतलेच नाही. त्याच्याकडील प्रोसेसरला अंतर्भूत ग्राफिक्स नसल्याने एक अगदी प्राथमिक, जुने कार्ड लावून त्याने तेवढा काळ काढला. यावेळी एस.एम.पी.एस. त्याने स्वतः निवडला आणि दुकानातून मला दूरध्वनी करून कोष्टकातील १२ व्होल्टपुढचा आकडा वाचून दाखविला. चाळीस अँपिअर होते. गुणाकार त्यानेच केला.